एका रेघेवर आलेला टीव्ही

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे. मागे ढेरी असलेला, उचलायला दोन माणसं लागणारा. भिंतीला चिकटलेल्या आजच्या सडपातळ मंडळींपुढे माझा काय टिकाव लागणार! पण माझ्याइतका हट्टी टीव्ही तुम्हाला शोधून सापडायचा नाही.

मी या घरात आलो तेव्हा माझे भारी लाड झाले. माझ्यासाठी भरतकाम केलेलं आच्छादन शिवलं गेलं. सामना असला की शेजारीपाजारी दाटीवाटीने बसायचे. पुढे प्रत्येकाच्या हातात फोन आला आणि माझ्या डोक्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग साचू लागला. हवा जायची भोकं बुजली. आत मी नुसता तापायचो.

माझी आठवण ठेवली ती घरातल्या मुलांच्या आत्याने. तिला लहानपणापासून ऐकू येत नाही. रविवारी दुपारी हातांच्या खुणांनी बातम्या देतात, त्या ती शिवणयंत्र थांबवून बघते. त्या देणारी बाई तिची शाळेतली मैत्रीण. एकदा मैत्रिणीचं पत्र आलं, 'मी निवृत्त होतेय. या रविवारी माझ्या शेवटच्या बातम्या. नक्की बघ.'

आणि नेमकं शनिवारी माझं चित्र मिटलं. पडद्याच्या मधोमध एक आडवी पांढरी रेघ तेवढी उरली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आवाज तर खणखणीत येतोय की," आत्याचा भाऊ म्हणाला.

"अहो, वन्संना आवाज काय कामाचा?" त्याची बायको उसळली. "आधी मेकॅनिकला बोलवा!"

रविवारी सकाळी मेकॅनिक आला. त्याने लांबूनच मान हलवली. "पिक्चर ट्यूब गेली. भंगारात द्या."

वहिनीने ते कागदावर लिहून आत्याला दाखवलं. आत्याने खाली ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'ट्यूब गेली असती, तर रेघ तरी कशी दिसली असती? उघडून बघा.' मग ती दार अडवूनच उभी राहिली.

मेकॅनिक ओशाळला. "बरोबर आहे, ताई," तो म्हणाला आणि लक्षात येताच त्याने तेच लिहून दाखवलं. वायर काढून, आतली साठलेली वीज उतरेपर्यंत बराच वेळ थांबून त्याने माझं मागचं झाकण उघडलं. ब्रशने धूळ झाडली. चित्र वरखाली पसरवणाऱ्या भागात, एका सुट्या भागाच्या पायाशी कथलाच्या डागाला, म्हणजे सोल्डरला, केसाएवढी चीर पडली होती. तापून तापूनच पडली असणार. त्याने जुनं सोल्डर काढून नवं लावलं. मीही मनाशी ठरवलं, आज कच खायची नाही.

बटण दाबलं. रेघ थरथरली, रुंदावली आणि पडदाभर चित्र पसरलं!

दुपारी बातम्या झाल्या. मैत्रिणीने प्रेक्षकांचा निरोप घेतला आणि शेवटी दोन बोटांनी स्वतःच्या हनुवटीवर हळूच टिचकी मारली. आत्याच्या हनुवटीवर तीळ आहे, आणि शाळेत सगळ्या मुली तिला याच खुणेने हाक मारायच्या. आत्या रडली, हसली, आणि माझ्या काचेला हात लावून तिने मैत्रिणीला तिच्या खुणेने उलट हाक दिली.

मित्रांनो, आमच्या डोक्यावर ओझी ठेवू नका, आमची धूळ पुसत जा. आणि कुणाला निकामी ठरवण्याआधी एकदा झाकण उघडून बघा. त्या सकाळी मी भंगारात गेलो असतो, तर ती हाक घरात कुणाला दिसलीच नसती.