सासूच्या नावाचा पासवर्ड

"अरे, नाव सांग, नाव!" मी फोनवर ओरडलो.

"तेच तर सांगता येत नाही," बोनिफास म्हणाला.

बोनिफास वेवाक शहराच्या पाणीखात्यात पंप दुरुस्त करतो. त्याची मुलगी डेल्मा शाळेच्या कचेरीत माझ्या टेबलाशी उभी होती. नर्सिंगची जागा चारच्या आत कॉम्प्युटरवर नक्की केली नाही, तर दुसऱ्या कुणाला जाणार होती. साडेतीन वाजले होते. पासवर्ड विसरलेले बाप मी ढीगभर पाहिलेत. पाठ असून तोंडातून न काढणारा हा पहिलाच.

डेल्माच्या अर्जाला त्यानं पासवर्ड ठेवला होता सासूचं नाव. आमच्याकडे जावई सासूचं नाव उच्चारत नाही. जीभ घसरायची भीतीच नाही! टाइप करणं म्हणजे बोलणं नव्हे, हेही त्यानं पाद्र्याला विचारून घेतलं होतं.

"मग मेसेज कर."

"फोन खड्ड्यात पडला होता. हिरवं आणि लाल, दोनच बटणं जिवंत आहेत."

"एकेक अक्षर सांग."

"हप्त्यानं केलं तरी पाप ते पापच, साहेब. पुढचा आकडा सांगतो. एकाहत्तर. माझ्या पंपाचा नंबर."

डेल्मानं आजीचं नाव 'आग्नेस' घातलं. नकार. लहान अक्षरांत घातलं. नकार. आता एकच संधी उरली होती.

"चर्चमधलं नव्हे गं, गावातलं!" बाप कळवळला.

"ते मला कुठं माहीत, पापा? घरात सगळे बुबूच म्हणतात!"

बुबू, म्हणजे तिची आजी, फाटकासमोर सुपाऱ्या विकते. डेल्मा धावत जाऊन तिला घेऊन आली. आवाज ऐकताच बोनिफासनं फोन ठेवला.

"यारूमे," म्हातारी हळूच म्हणाली. नवरा गेल्यापासून हे नाव कुणी घेतलं नव्हतं, तिनंही.

डेल्मानं टाइप केलं. म्हातारी पडद्यावर वाकली. "कुठंय? हे तर नुसते ठिपके."

"कुणाला दिसू नये म्हणून लपवतं ते, बुबू."

"म्हणजे हासुद्धा जावईच!"

चारला आठ मिनिटं असताना जागा नक्की झाली. डेल्मा रडली. मी घाम पुसला. म्हातारी मात्र खुर्चीवरून हलेना.

"आता दाखव."

डेल्मानं पुन्हा टाइप केलं आणि मी डोळ्याचं चित्र दाबलं. ठिपक्यांची अक्षरं झाली.

म्हातारीला वाचता येत नाही, पैशांचे आकडे तेवढे कळतात. "कुठून सुरू होतं?" तिनं विचारलं. डेल्मानं दाखवलं. चुन्यानं पांढरं झालेलं बोट काचेवरून सावकाश सरकलं आणि एकाहत्तरच्या अलीकडे बरोब्बर थांबलं.

"एवढं माझं," ती म्हणाली.