मशीन हाय ना

"आली पाहा," आमच्या गल्लीतली रीता म्हणाली आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

मी मान वरही केली नाही. कोण आलं ते न पाहता कळत होतं. सकाळपासून चिखलात वाकून धान रोवत होतो, पाठीचा भुगा झाला होता, आणि बांधीच्या धुऱ्यावरून माझ्या सासूबाई येत होत्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात लुगड्याचा ओचा. धुरा म्हणजे बांधीचा, धानाच्या खाचराचा बांध; तो असा निसरडा की आम्ही धडधाकट बाया तिथं घसरतो. या पडल्या असत्या आणि खुबा मोडला असता, तर निस्तरायचं कोणी? प्रेमिलानं, म्हणजे मीच. दुसरं आहे कोण घरात!

"काऊन वो माय, आता काय झालं?" मी ओरडले.

"छोटेलालच्या घरी ते वाजून राहिलं!"

"मंग वाजू द्या ना!"

"कशी वाजू देऊ? मघापासून बोंबलून राहिलं. घराले कुलूप, चाबी चेतनाच्या कंबरेले. मी काय भित चढून जाऊ?"

चेतना ही छोटेलालची बायको. ती आमच्याच रांगेत रोवत होती. तिनं हातातली पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची पेंढी फाडकन चिखलात टाकली. "मांजर असंन वो! कायले आली मोठी माय एवढ्या दूर? मशीन हाय ना!"

असं म्हणत ती चिखलाच्या पायांनी तरातरा गावाकडे गेली आणि परत आली तेव्हा तिच्या तोंडाला तोंड देण्यासारखं नव्हतं. मांजरसुद्धा नव्हती. चिकटपट्टी ओलीनं सुटून मशीनचा तुकडा खाली पडला होता, एवढंच. तोवर सासूबाई धुऱ्यावर काठी टेकून उभ्याच होत्या. कोणी त्यांना बस म्हटलं नाही. मीही नाही, कारण माझं डोकं उठलं होतं.

ते मशीन म्हणजे केवढंसं! काडेपेटीहून जरा मोठं. दोन तुकडे. एक चौकटीला चिकटवायचा, दुसरा दाराला नाहीतर खिडकीला. दोघं शेजारी असले की गप्प. दार उघडलं, तुकडे लांब झाले, की जे किंचाळायला लागतं ते तुकडे पुन्हा जवळ येईपर्यंत नाहीतर आतले सेल मरेपर्यंत. वीज नको, तार नको, खिळा नको. माझा नवरा देवानंद गोंदियाला मोबाइलच्या दुकानात कामाला आहे. शेजारच्या गावात भरदुपारी एक घर फुटल्याची बातमी आली आणि यांनी पिशवीभर मशीनं आणून रविवारी गल्लीतल्या प्रत्येक मागच्या दाराला स्वतःच्या हातानं चिकटवून दिली. काय तो रुबाब! गल्लीत जणू नळच आणला यांनी.

फक्त एक गोष्ट यांच्या ध्यानात आली नाही, आणि गल्लीतल्या एकाही शहाण्याच्या आली नाही. रोवणीच्या दिवसांत ऐकायला आहे कोण? आमच्या दवनीवाड्यात त्या दिवसांत दुपारी कुत्रंसुद्धा सावली धरून झोपतं, माणसं सगळी बांधीत. मशीन बोंबललं तर ऐकणार कोण, तर ओसरीवर बसलेली माझी सासू. बरं, ऐकून ती करणार काय? पूर्वी सगळ्यांच्या चाब्या तिच्याजवळ असायच्या. आता मशीन आहे म्हणून चाब्या ज्याच्या त्याच्या कंबरेला. बोंबलणारं मशीन कुलपाच्या आत, आणि चाबी दोन शेतं पलीकडे! त्यात पावसाळ्यात लाकडी दारं फुगलेली, भिंतींना ओल, ती पट्टी धरते कुठं? बकरीनं दाराला अंग घासलं की पट्टी सुटली, बोंब सुरू. चोर नाही, चिलट नाही, आणि म्हातारी धुऱ्यावर.

सासूबाईंचं नाव सुमित्राबाई, पण गल्ली त्यांना मोठी माय म्हणते. गुडघे गेले आणि रोवणं सुटलं, तेव्हापासून त्या गल्लीच्या तोंडाशी आमच्या ओसरीवर खांबाला टेकून बसतात. माणसं शेतावर निघाली की ओसरीशी थांबायची. "मोठी माय, घर पाहजो वो!" आणि चाबी त्यांच्या ओटीत. "जा, जा, पाहतो मी," त्या म्हणायच्या. बस, एवढंच बोलणं. पण ते म्हटल्याशिवाय आमच्या गल्लीत कोणी घर सोडत नसे. आदल्या दिवशी कचाकचा भांडलेली बाईसुद्धा तोंड वाकडं करून का होईना, "पाहजो" म्हणूनच जायची.

आणि पाहायच्या म्हणजे काय नुसत्या बसायच्या? गल्लीत अनोळखी माणूस शिरला की यांचं सुरू. "कोनाचा रे बाबू तू? गाव कोनतं? मामाकूळ कोनतं?" एकदा दागिने चमकवून देतो म्हणणारा भामटा आला होता. त्याला पाणी पाजलं, बसवलं, आणि पार आजोबापर्यंत चौकशी करून असा पिदडला की तो आपली पावडरची पुडी ओसरीवरच टाकून पळाला. त्या पुडीनं मी पुढे पाण्याचे तांब्याचे गुंड घासले. चांगली होती पावडर.

रोवणी सरली की त्या घरी शेवटच्या दिवशी गोडधोड होतं. गुळाची बोंडं, पुऱ्या, वडे. आणि आमच्या गल्लीत पहिलं ताट मोठी मायकडे यायचं, घरधन्याच्याही आधी. ते ताट आलं की सासूबाई एवढं तोंडात टाकायच्या आणि उरलेलं आम्हाला वाटून द्यायच्या. पण ताट वाटायच्या तोऱ्यानं! कमावून आणलेलं वाटावं तसं.

या वर्षी पहिली रोवणी सरली रीताची. तळणाचा वास गल्लीभर. सासूबाईंनी संध्याकाळी तोंड धुतलं, धुतलेलं लुगडं नेसल्या आणि ओसरीवर बसल्या. मी आत स्वयंपाकाला लागले तर म्हणाल्या, "मायासाठी नोको टाकू." मी टाकलं नाही. दिवेलागण झाली, रीताच्या घरची पंगत उठली, भांडी घासल्याचा आवाज आला. ताट आलं नाही.

"थोडी पेज दे वो प्रेमिला," त्या आत येऊन म्हणाल्या. "पोट जड वाटून राहिलं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी बांधीत रीताला धरली. "काऊन वो, मोठी मायचं ताट कुठं गेलं?"

रीता बिचारी चकितच झाली. "अवो, आता देवानंदभाऊनं मशीन लावून देल्ली ना! मोठी मायले कायले तरास द्याचा? म्हातारीले आराम भेटला." तिच्या मनात काळंबेरं काही नव्हतं. तिला खरंच वाटत होतं की तिनं म्हातारीवर उपकार केला. त्यामुळे मला भांडताही येईना, हा आणखी एक वैताग.

सगळा राग मग घरी नवऱ्यावर काढला. "तुमी सोताच्या मायची नोकरी खाल्ली!"

"कोन्ती नोकरी?" हे हसायला लागले. "ओसरीवर बसाची? बसू दे ना अजून, कोन उठवून राहिलं तिले!"

या माणसाला समजावण्यापेक्षा म्हशीला ओवी शिकवावी. सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. ऐकत होत्या, मला माहीत आहे.

त्या दिवसापासून त्या धुऱ्यावर यायच्या बंद झाल्या. बसायच्या ओसरीवरच, पण गल्लीकडे पाठ करून. लोक समोरून चाबी कंबरेला खोचत निघून जायचे. कोणी थांबत नव्हतं. मला सकाळी घरातून निघताना लाज वाटायची आणि सासूबाईंचा रागही यायचा. अहो, दोन शब्द तुम्हीच बोला की! पण नाही. मानी बाई. नवरा वारला तेव्हाही भावाकडे हात पसरला नाही, त्या आता गल्लीकडे काय मागणार!

आणि मग छोटेलालचं घर फुटलं.

संध्याकाळी आम्ही परतलो तर चेतना दारात बसून ऊर बडवत होती. मागच्या दाराची कडी उचकटलेली, पेटी उघडी, तिच्या सासूच्या वेळचा सोन्याचा गोफ आणि चांदीचे तोरडे गेलेले. मशीन? मशीन चोरानं चौकटीवरून ओढून पाण्याच्या बादलीत टाकलं होतं. तळाशी पडलं होतं, निपचित.

सगळी गल्ली आमच्या ओसरीसमोर जमली. जणू चोर आमच्याच घरात लपला होता.

"मोठी माय," छोटेलाल म्हणाला, "तू तं घरीच होती. वाजलं असंन ना ते?"

"वाजलं."

"तुले ऐकू आलं?"

"आलं. वाजलं, अना मंग एकदम बंद झालं." सासूबाईंचा आवाज नेहमीसारखा होता. "ते आपोआप कधी बंद होत नाही. तवा मी समजलो का कोनीतरी घरात हाय."

छोटेलाल एक पाऊल पुढे आला.

"समजली?" छोटेलालचा आवाज चढला. "समजली अना बसून राहिली? वरडाचं तरी होतं! माया घरचं सोनं गेलं वो!"

"तुनं मले घर पाहाले सांगतलं होतं का?"

छोटेलाल चेतनाकडे पाहू लागला.

"सकाळी तू मायासमोरून गेला, बाबू. म्या पाहलं तुयाकडं. तू पाहलं नाही. म्या म्हनलं, असंन बापा, त्याची मशीन हाय. आपन कोन?"

"माय!" माझा नवरा ओरडला. "अशी कशी वो तू? लोकाचं नुकसान झालं! लाज नाही वाटत?" आणि मग गल्लीकडे वळून, दुकानात गिऱ्हाईकाशी बोलावं तसं, "छोटेलालभाऊ, चिंता नोको करू. उद्या गोंदियावून मोठ्या आवाजाचं आनतो. हे हलकं होतं."

हे ऐकलं आणि माझा बांध फुटला.

"बैल गेला अना झोपा केला!" मी सगळ्यांदेखत नवऱ्याला म्हटलं. सासरी आल्यापासून पहिल्यांदा. "मोठ्या आवाजाचं आना, नाहीतं रेल्वेचा भोंगा आना! आयकनारी एकच हाय या गल्लीत, अना तिले तुमी सारे मिळून बहिरी केली! रोज सकाळी दोन शब्द बोलाले जिभेले काटे टोचत होते का तुमच्या?"

सासूबाई मात्र माझ्याकडे रागानं पाहत होत्या. आपली बाजू सुनेनं घ्यावी हेही त्यांना रुचलं नव्हतं. चहा टाक म्हणाल्या आणि आत गेल्या. रात्रभर झोपल्या नसाव्यात. सोनं गेल्याचं दुःख त्यांना नव्हतं असं मी म्हणणार नाही. चेतनाचं लग्न त्यांनीच जमवलं होतं, आणि तो गोफ चेतनाच्या गळ्यात पडताना त्या मांडवात होत्या.

सकाळी मी डबा भरून निघाले तर सासूबाई काठी घेऊन ओसरीखाली उभ्या. "चाल, मी बी येतो. पऱ्हे उपटीन. बसल्या बसल्याचं काम हाय."

"गुडघे?"

"गुडघे माये हायेत."

त्यांनी स्वतः आमच्या घराला कुलूप लावलं. इतक्या वर्षांत दिवसाउजेडी आमच्या दाराला कुलूप मी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात समोरून चेतना आली. डोळे सुजलेले, हातात चाबी. मागे रीताही होती, तिच्याही हातात चाबी. चेतना सासूबाईंच्या पायांशी वाकली. "मोठी माय, चुकलं आमचं. तेवढं घर..."

सासूबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. "आता नाही होत वो बाई मायानं," त्या म्हणाल्या. "काल म्या चोर घरात असताना बसून राहिलो. असी बाई कोनाचं घर पाहाच्या लायक नाही."

मला वाटलं होतं त्या रुसल्या आहेत. दोन दिवसांत मनवू, ताट वाढू, बसतील परत. रुसवा नव्हता तो. चेतना चाबी तशीच हातात धरून उभी राहिली, आणि सासूबाई गल्लीतून पुढे चालू लागल्या. आम्ही सगळ्या मागे.

आमच्या पऱ्ह्यांचा वाफा गल्लीच्या मागेच आहे. सासूबाईंना लाकडी पाटावर बसवलं. पहिली पेंढी बांधायला वेळ लागला, मग हाताला आठवलं. आम्ही बाजूच्या बांधीत रोवत होतो. दुपारी वारा सुटला आणि गल्लीतून ते किंचाळणं आलं. रीताचं घर. अगदी साफ ऐकू येत होतं.

सगळ्या बाया उभ्या राहिल्या. गावाकडे कोणीच पाहिलं नाही, सगळ्यांनी पाहिलं सासूबाईंकडे. मीही पाहिलं.

त्यांनी हातातल्या पऱ्ह्यांची मुळं पाण्यात खळबळून धुतली, पेंढी बांधली आणि बाजूला ठेवली.

"जाय ना वो रीता," त्या मान वर न करता म्हणाल्या, "तुयं घर वाजून राहिलं." आणि पुढच्या मुठीला हात घातला.