धुरपतेची टाच

कुरखेड्याजवळच्या त्या गावात रोवण्याची पहिली ओळ धुरपताच धरायची. ती चिखलात उतरली की मागच्या बायका तिच्या हाताकडे बघून धानाची रोपं लावत सरकायच्या. हा मान तिला फार प्यारा होता, आणि ते ती लपवतही नसे. पण त्या उन्हाळ्यात तिची उजवी टाच अशी फुटली की पाय टेकवला तरी डोळ्यांत पाणी यावं. जाऊ सुकरी गावभर सांगत सुटली, यंदा पहिली ओळ आपलीच.

धुरपता काय ऐकून घेणार! रोज संध्याकाळी ती बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरायची, त्याचं चटका देणारं तेल भेगेत सोडायची आणि सकाळी करपलेली कातडी विळ्यानं तासायची. सगळा मुलूख हेच करायचा, फक्त तिचा हात जरा सढळ होता. टाच मात्र उलट जाड होत गेली आणि भेग खोल.

शेवटी नवरा वारलूनं तिला बैलगाडीत घालून स्वातंत्र्यानंतर नुकत्याच उघडलेल्या दवाखान्यात नेलं. तिथली नर्स जरीना, मूळची वरोऱ्याची. तिनं टाच पाहिली आणि आधी बिब्ब्याचीच चौकशी केली.

"बाई, कातडी खाली रोज नवी जन्मते अन् वर जुनी मरून गळते," ती म्हणाली. "जेवढी मरते तेवढीच जन्मते, म्हणून टाच टाचेएवढी राह्यते. तुम्ही रोज तिले जाळून राह्यल्या, सोलून राह्यल्या. मंग खालची घाबरून दुप्पट जन्मते."

उपाय काय, तर जवसाचं तेल, स्वच्छ पट्टी, आणि बाकी टाचेला हात लावायचा नाही. काही न करता गप्प बसणं धुरपतेला जन्मात जमलं नव्हतं. तरी पहिल्या ओळीसाठी तिनं तेही केलं.

एका संध्याकाळी पट्टी सोडली तर टाचेवरून पांढरे पापुद्रे सुटत होते. पाय सडला, असंच तिला वाटलं. तिनं बिब्बा दिव्यावर धरलाही. तेल सुटायला लागलं आणि तिला जरीनाचं बोलणं आठवलं. जुनी मरून गळते. तिनं एक पापुद्रा बोटानं अलगद उचलला. खाली गुलाबी, मऊ कातडी होती. बिब्बा तिनं कुंपणापलीकडे भिरकावला आणि दुसरी पट्टी बांधली.

रोवण्याच्या दिवशी सुकरी आधीच धुऱ्याशी, शेताच्या बांधावर, उभी होती. धुरपता अनवाणी आली, सरळ चिखलात उतरली आणि तिच्या पुढं जाऊन वाकली. दुपारपर्यंत ती अख्खी बांधी, धुऱ्यांमधलं सगळं खाचर, हिरवी झाली होती. सुकरीनं हळूच विचारलं, कोणत्या जंगलातला बिब्बा आणला?

धुरपतेनं पाय पाण्यात खळबळून वर केला आणि टाच सगळ्या बायकांना दाखवली. आनंदानं तिचा ऊर भरून आला होता.

"बिब्बा नाई, विळा नाई. मरणाऱ्याले मरू देलं, जन्मणाऱ्याले जन्मू देलं."

मग ती पुढच्या बांधीत उतरली, आणि सुकरी तिच्या मागं.