भिंतीकडची रांग

आमच्या दफनभूमीत सात वर्षं झाली की कबर उघडायची, हाडं काढून कोनाड्यात ठेवायची आणि जागा पुढच्याला द्यायची. जागाच कमी, करणार काय! हे काम आधी माझा नवरा करायचा, तो गेल्यापासून मी करते. बाईमाणसाला शोभतं का, असं विचारणाऱ्याच्या हातात मी फावडं देते.

मागच्या महिन्यात भिंतीकडच्या रांगेतून कॉन्व्हेंटच्या थोरल्या सिस्टर काढल्या. अख्ख्या निघाल्या! चेहरा, बोटं, सगळं जागच्या जागी. झालं, फादर गुडघ्यांवर, जिकडेतिकडे बोंबाबोंब आणि मेणबत्त्यांचा खच. देह कुजला नाही म्हणजे चमत्कारच, सिस्टरना संत ठरवायचं म्हणून वरून, बिशपांकडून, तपासणीला एक डॉक्टर यायचे ठरले.

मी म्हटलं, "फादर, त्या रांगेची माती चिकट आहे. हवा जात नाही, पाणी जात नाही. मागे तो दारुडा शिंपी असाच निघाला होता, विसरलात?"

"तुझी आपली मातीच!" म्हणून ते हसले.

डॉक्टर यायच्या आदल्या दिवशी माझ्या आईची सात वर्षं भरली. तीही त्याच रांगेत. मीच खोदलं, दुसऱ्या कुणाचा हात तिला लागू द्यायचा नव्हता मला. पेटीचं झाकण काढलं. हाडं वेचायला आले होते आणि समोर आई! मनगटावरचा इस्त्रीचा डागसुद्धा तसाच. तीस वर्षं तिने कॉन्व्हेंटची धुणी धुतली, त्याच सिस्टरच्या झग्यांना इस्त्री केली. मी ओक्साबोक्शी रडले. आईच ती, रडू नको तर काय करू?

फादर आले, पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. हळूच म्हणाले, "हिच्यावर चुना टाक, म्हणजे विरून जाईल, आणि बुजवून टाक. आजच."

"चुना? आईवर?"

"लोकांच्या श्रद्धेचा प्रश्न आहे गं. ही दिसली तर सिस्टरचं सगळं मातीमोल होईल."

माझं डोकंच फिरलं. "सिस्टर टिकल्या तर देवाची कृपा आणि आई टिकली तर चुना? एक रविवार चुकवला नाही तिने!"

"चांगलीच होती ती. पण संत नव्हती."

"मग देवाला विचारा ना, हिला का ठेवली म्हणून!"

"उद्या तोंड उघडलंस तर हे काम गेलं समज."

"गेलं तर गेलं. चुना पडणार नाही."

मी झाकण लावलं, वर फळ्या टाकल्या आणि घरी गेले.

सकाळी ही गर्दी! डॉक्टरांनी कबरीशेजारीच मांडवात ठेवलेल्या सिस्टरना नीट तपासलं, मग विचारलं, "या जमिनीत आणखी कुणी असं सापडलंय?"

"नाही," फादर म्हणाले. चक्क खोटं, तेही गळ्यात पाद्र्याची कॉलर घालून!

"आहे की!" मी मागून ओरडले. "सहा पावलांवर आहे. चला, दाखवते."

फळ्या काढल्या, झाकण उघडलं. डॉक्टर वाकले, आईकडे पाहिलं, कबरीतली माती चिमटीत चोळून पाहिली. "कोण ही?"

"धोबीण. माझी आई."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि फादरकडे न बघताच वही मिटली. फादर मान खाली घालून उभे होते. खरं सांगते, मला वाईट वाटलं नाही.

तेवढ्यात सकाळपासून सिस्टरपाशी बसलेली एक म्हातारी मेणबत्ती घेऊन पुढे आली आणि आईच्या कबरीशी गुडघे टेकून तिने हात जोडले. "आई, माझ्या नातवाला बरं कर गं..."

मी तिला दंडाला धरून उठवलं. "उठा आजी. नातवाला दवाखान्यात न्या, मी येते सोबत. पण हिच्याकडे काही मागायचं नाही. जिवंत होती तेव्हा सगळ्यांनी मागितलंच. डाग काढून दे, उद्याच्या उद्या दे, पडत्या पावसात वाळवून दे. कुणाला नाही म्हणाली नाही ती. आता तिच्या वतीने मी म्हणते, नाही!"

"केवढी उर्मट बाई!" कुणीतरी म्हणालं.

आहेच. मी सगळ्यांदेखत झाकण लावलं, खाली बसले आणि दोन्ही हातांनी आईवर माती लोटायला लागले. ही जागा आता पुढच्याला मिळणार नाही.