एकही वस्तू सापडली नाही

सहा पाकळ्यांचं काळं रबर, त्यातली एक पाकळी झिजून अर्धी तुटलेली... दौलतराव ती अंगठ्यानं दाबून पाहत होते, रोग आधीच कळलेला डॉक्टर उगाच पोट दाबून पाहतो तशी. तेजराम सकाळी हा तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवून गेला होता. "भाऊ, तेच," एवढंच म्हणाला होता. पुरे होतं. त्याच्या कारखान्यातला पंप दौलतरावांना माहीत होता, पंपाला मोटरशी जोडणारं हे रबर माहीत होतं, आणि ते दर दिवाळीनंतर का झिजतं, हेही. हथखोजच्या कारखान्यांमधल्या या सुट्या भागांच्या दुकानात एकतीस वर्षं असंच चाललं होतं — गिऱ्हाइकानं तुटका तुकडा पुढे करायचा, दौलतरावांनी "बसा" म्हणायचं आणि आत जायचं. "नाही" हा शब्द काउंटरवर ठेवलेलाच नव्हता.

समोर सून, मोनाली, वेबसाइटसाठी लॅपटॉपमध्ये दुकान भरत होती. दोन हजार वस्तू फोटोसकट आत गेल्या होत्या. गिऱ्हाइकांनी त्या शोधायच्या कशा, एवढंच ठरायचं होतं, आणि ते आजच.

"बाबा, फुकटवालं सर्च आहे, ते अक्षर जुळलं तरच दाखवते. किरायावालं आहे, ते अंदाज लावते. मी 'पंप का रबर' टाकलं, तर त्यानं हातमोजे दाखवले."

"रबराचेच असतील नं? मंग चुकलं कुठं?"

"हसू नका. तिसरा रस्ता तुमचा आहे. फुकटवालंच ठेवू अन् त्याले आपल्या लोकांचे शब्द शिकवू. कोन कशाले काय म्हनते, तुमी सांगा, मी टाकते."

तुमी सांगा. तीन आठवडे हे टाळताना दौलतरावांचे डोळे दुखले होते, दुर्ग शहरात दोनदा काम निघालं होतं, एकदा तर शुगरही वाढली होती. कारण दुकानाआधीच्या नोकरीतले, प्लान्टच्या स्टोअरमधले शामराव... शामरावांच्या बोटांना सगळे कप्पे पाठ होते. मग नवा साहेब आला, प्रत्येक वस्तूला नंबर देण्याचं फर्मान निघालं, आणि शामरावांच्या शेजारी एका होतकरू पोराला बसवण्यात आलं. शामराव आपला डबा त्याच्यापुढे सरकवत, हसत हसत सगळं सांगत गेले. रजिस्टर पुरं झालं त्या आठवड्यात त्यांची खुर्ची भिंतीकडे गेली. पुढे कोणी काही विचारायला आलं, तर किती वाजले हे विचारायला, कारण घड्याळ त्याच भिंतीवर होतं. रजिस्टरमधलं अक्षर मात्र सुरेख होतं — त्या पोराचं, म्हणजे दौलतरावांचंच होतं.

"नाही सांगितलं तर?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

मोनालीनं लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. गिऱ्हाइकांच्या शब्दांची एक लांबलचक यादी. "दोन सालांपासून तुमच्या मांगं बसून राहिली नं, बाबा. ऐकून ऐकून लिहिले. शंभरावर झाले."

म्हणजे घर आधीच लुटलं गेलं होतं आणि दौलतराव दाराशी कुलूप धरून बसले होते. राग येईल म्हणून ते थांबले, आला नाही. त्यांनी एका बोटानं, सावकाश, 'तेच' एवढंच टाइप केलं.

'एकही वस्तू सापडली नाही.'

दौलतरावांना इतकं बरं वाटलं की त्यांनी चष्मा पुसला. किती बिनदिक्कत सांगतं! 'बसा' म्हणत नाही, पाणी विचारत नाही.

"ते वाक्य बदलता येते," मोनाली म्हणाली. "तिथं तुमचा नंबर टाकू? सापडलं नाही का, लोकं तुमाले फोन करतील."

"लिही," ते लगेच म्हणाले. "'बसा' लिही. अन् खाली नंबर."

तिनं लिहिलं. पडद्यावर 'बसा' उमटलं आणि त्यांना आपली खुर्ची दिसली — काउंटरवर नाही, भिंतीलाही नाही. जिथं शोध संपतो बरोबर तिथं.

"झालं. आता एकच राहिलं. तेजरामभाऊच्या या रबराले बाकी लोकं काय म्हनतात?"

चार नावं होती. चारही जिभेवर आली. एक सांगितलं की एक फोन कमी... आणि न सांगावं, तर शोधणाऱ्या कुणा भल्या माणसाचा पंप बंद, आणि आपण इथं फोनकडे बघत, वाजावा म्हणून. लोकांना वस्तू सापडू नये असं आपल्याला आयुष्यात प्रथमच वाटतंय, हे त्यांच्या ध्यानात आलं. शामरावांना असं कधी वाटलं असेल? वाटलं असून ते डबा पुढे सरकवत राहिले असतील?

"बाबा?"

"बस," दौलतराव म्हणाले, "सांगतो," आणि चारही नावं जिभेवर धरून तुटक्या पाकळीवर अंगठा दाबत राहिले.