पाऊण पिंप

एप्रिलात गोठवणारं दंव पडलं, जूनभर पाऊस लागला, पानांवर बुरशी चढली आणि एवढ्यानं भागलं नाही म्हणून ऑगस्टात दहा मिनिटं गारा पडल्या. सोलेन गियमारच्या ला रोशोत या द्राक्षमळ्याच्या तुकड्यातून एरवी चार पिंपं पांढरी वाइन निघायची. यंदा पाऊण निघालं. गेल्या वर्षीची वाइन चाखून बोन शहरातल्या वाइनच्या एका मासिकानं सोलेनला ‘उद्याचं नाव’ म्हटलं होतं. उद्या हा असा उजाडला.

पाऊण पिंप ही बरगंडीच्या या वाइनमुलखात वस्तूच नाही. पिंप काठोकाठ भरलेलं हवं, नाहीतर वरच्या हवेनं वाइनचा सिरका होतो. लहान पिंपं गावात मिळेनात, कारण यंदा सगळ्यांचंच पाऊण भरलं होतं. शेजाऱ्याची वाइन ओतून भर घालावी, तर ती ला रोशोतची राहत नाही. आणि यंदा सोलेनजवळ ला रोशोतखेरीज दुसरं काही नव्हतं.

“दगड टाकू,” तिचे वडील फिर्मिन म्हणाले. “माझा बाप टाकायचा. सोन नदीतले गारगोटीचे गोटे. उकळत्या पाण्यात धुवायचे, एकेक आत सोडायचा. वाइन आपोआप वर येते.”

“नदीतलेच ना, पापा?”

“पन्नास वर्षं पिंपांशी संसार केला मी. आता तू शिकव मला.”

हल्ली त्यांची टोपी दोनदा फडताळात चीजशेजारी सापडली होती. पण टोपी वेगळी, दगड वेगळे. सोलेननं त्यांच्या हाती बादली दिली आणि ती वेली छाटायला गेली.

तीन आठवड्यांनी तिनं बूच काढलं, तर आतून बारीक सळसळ ऐकू आली, चर्चमध्ये मागच्या बाकावर कुणी कुजबुजावं तशी. काचेच्या नळीनं घोटभर काढून तिनं चाखली. द्राक्षं नीट न पिकलेल्या वर्षाची वाइन दात आंबवणारी हवी. ही पाटी पुसलेल्या पाण्यासारखी मिळमिळीत होती. कोपऱ्यातल्या बादलीत एक दगड उरला होता. गोटा नव्हेच, पांढरा, टोकदार, खाचेत लाल माती. त्यांच्याच मळ्यातला चुनखडक. चुना वाइनमधला आंबटपणा खातो, हे फिर्मिन गियमारना ठाऊक नसणं म्हणजे पोस्टमनला गल्ल्या ठाऊक नसणं.

“पापा, नदीवर गेला होतात?”

“मग काय, नदी इथे आली होती?”

दाराशी त्यांचे बूट होते. तळव्यांना लाल माती.

मार्चमध्ये त्या मासिकाचे वाइनपरीक्षक मस्यू दलोर्म तळघरात आले. फिर्मिन कोट घालून उभे होते. दलोर्मनी घोट तोंडात खेळवला, थुंकला, पुन्हा घेतला.

“अशा वर्षात इतकी मऊ?” ते म्हणाले. “मादमोझेल, चुना घातलात?”

कायद्यानं हा गुन्हा नाही. फक्त, तसं करणाऱ्यांचं नाव त्या मासिकात येत नाही. सोलेननं वडिलांकडे पाहिलं. खरं सांगितलं, तर संध्याकाळच्या आत फिर्मिनचं डोकं हा गावभर विषय झाला असता.

“हो. धीर सुटला माझा.”

दलोर्मनी वही मिटली आणि पेला फार काळजीपूर्वक पिंपावर ठेवला.

“चुना?” फिर्मिन म्हणाले. “माझ्या तळघरात? मस्यू, हिला हे मी शिकवलेलं नाही. तेवढं लिहून घ्या.”

“लिहिणार काहीच नाही, मस्यू गियमार,” दलोर्म हळूच म्हणाले.

दुपारी फिर्मिननी हॅमचे काप कापले, दोन स्वतःच्या ताटात घेतले आणि पाव आपल्याच बाजूला ठेवला.

“पुढच्या वर्षी पिंपाचं मी बघेन,” ते म्हणाले. “तुझ्यावर भरवसा नाही आता.”

“बरं, पापा,” सोलेन म्हणाली आणि उठून तिनं पाव घेतला.