मी, साडेचारशे वॅटचा डबा

मी एक जुना, जळका पॉवर सप्लाय आहे, मित्रांनो. फार जवळ नाक आणू नका, वास अजून गेलेला नाही. भंगारवाल्याच्या दुकानात, तुटक्या पंख्यांच्या आणि वायरींच्या ढिगावर मी पडून आहे. तुमच्यातल्या पुष्कळांनी माझं नावही ऐकलं नसेल. कॉम्प्युटर म्हटलं की तुम्हाला पडदा आठवतो, कळफलक आठवतो. भिंतीतली वीज घेऊन ती प्रत्येकाला सोसेल अशी वाटून देणारा एक करडा डबा मागे कोपऱ्यात बसलेला असतो, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. घरात स्वयंपाक कोण करतं हे जेवणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही, तसंच.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे बायका ओळीने बसून वायरींच्या सांध्यांना कथलाचे डाग देत. माझ्या पोटातली तांब्याची वेटोळी आणि कपॅसिटरची, म्हणजे वीज साठवणारी, टोपणं ज्या बाईने बसवली, ती शेजारणीशी सतत बोलत असे, पण हात कधी चुकला नाही. शेवटी माझ्या पाठीवर चिठ्ठी चिकटवली गेली. तिच्यावर मोठ्या आकड्यात ‘साडेचारशे वॅट’. खाली बारीक अक्षरात खरी हकिकत होती: बारा व्होल्टच्या वाटेने, म्हणजे जिथून जड कामाची वीज जाते तिथून, मी तीनशेसुद्धा धड देऊ शकत नव्हतो. मोठं अक्षर सगळे वाचतात. बारीक वाचायला चष्मा लागतो आणि सवडही.

मी ज्या घरात गेलो तिथे सून यायला अजून अवकाश होता, पुढे सासरे झालेले गृहस्थ तेव्हा नोकरीत होते. कॉम्प्युटर आला त्या दिवशी त्यांनी शेजाऱ्यांना बोलावून दाखवला. सासूबाईंना उघडी वस्तू बघवत नसे. त्यांनी फुलाफुलांचा अभ्रा शिवून आमच्यावर घातला, तो चालू असतानासुद्धा काढायचा नाही. मागची जाळी त्याने झाकली जाई आणि मी आतल्या आत उकडून निघत असे. पण काम हलकं होतं. सासऱ्यांची पत्रं, थोरल्या मुलाचे हिशेब, धाकट्याचा अभ्यास. “काय मशीन आहे! एकदा बंद पडलं नाही,” असं सासरे म्हणत. ते माझं कौतुक होतं, हे मला कळायचं. त्यांना कळत होतं की नाही, कोण जाणे.

वर्षं गेली. पडदा बदलला, माउस बदलले, आतला मुख्य बोर्डही एकदा बदलला. मी तसाच राहिलो. त्या घराचा नियमच होता: चालतंय तोवर हात लावायचा नाही. माझा पंखा धुळीने जड झाला, कपॅसिटर सुकत चालले. म्हातारपण कुणाला सांगून येतं का?

मग थोरल्याचं लग्न होऊन सूनबाई आली. ती न बांधलेल्या घरांची चित्रं करायची. भिंत अजून उभी नाही, पण खिडकीतून ऊन कसं येईल, जिन्याची सावली कुठे पडेल, ते सगळं पडद्यावर हुबेहूब. अशा कामाला ग्राफिक्स कार्ड लागतं, चित्रांची सगळी आकडेमोड करणारं. तिने स्वतःच्या कमाईतून ते आणलं. काळं, तीन पंख्यांचं, आणि गुर्मी अशी की जणू घर त्याच्याच नावावर आहे.

कार्ड बसवायला धाकटा आला. तो दुसऱ्या शहरात नोकरीला होता, सुटीपुरता घरी यायचा. घरातले त्याला ‘एक्सपर्ट’ म्हणत. पहिल्यांदा ते चेष्टेने म्हटलं होतं, पुढे सगळ्यांना खरंच वाटू लागलं.

सूनबाईने कार्डाचा खोका उलटसुलट करून वाचला. “भावजी, यावर लिहिलंय, साडेसहाशेचा पॉवर सप्लाय हवा. आपला पुरणार नाही.”

“अहो वहिनी, कंपन्या फुगवूनच लिहितात. त्यांनाही पोट आहे.”

“आणि याला आठ पिनांची वायर लागते. आपल्या सप्लायला ती नाहीच.”

“जोडवायर आहे ना माझ्याकडे!” त्याने खिशातून ती काढली. “पॉवर सप्लाय म्हणजे डबा हो नुसता. एक तर चालतो, नाहीतर चालत नाही. मधलं काही नसतं.”

मित्रांनो, माझं सगळं म्हातारपण त्या मधल्यातच गेलं.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. “मला त्यातलं काही कळत नाही बुवा,” म्हणून त्याने वर्तमानपत्र उघडलं. सासरे म्हणाले, “चालती वस्तू काढून टाकायची म्हणजे माज झाला, सूनबाई.” विषय मिटला. डिस्कच्या दोन किरकोळ वायरींना जोडून त्या पहिलवानाचं पोट माझ्या गळ्यात बांधलं गेलं. धाकट्याने एक हलकाफुलका खेळ चालवून दाखवला, सगळ्यांनी माना डोलावल्या आणि दुसऱ्या दिवशी एक्सपर्ट आपल्या गावी गेला.

त्यानंतर माझे हाल सुरू झाले. सासूबाई गाणी ऐकत, सासरे बातम्या वाचत, तेव्हा कार्ड झोपलेलं असे. सूनबाई बसली आणि तिने ऊन-सावल्यांसकट शेवटचं पक्कं चित्र काढायला घेतलं की कार्ड खडबडून उठे आणि एकदम ढीगभर वीज मागे. एवढी वीज माझ्यात नव्हतीच. सगळं जळू नये म्हणून मी स्वतःला मिटून घेई. पडदा काळा. तिचं अर्ध्या दिवसाचं काम पाण्यात.

म्हणजे बघा, यंत्र बंद पडे ते फक्त तिच्याच हातून.

“मी तासभर गाणी ऐकली. हूं की चूं केलं नाही त्याने,” सासूबाई म्हणाल्या.

“आई, गाण्याला वीज कमी लागते. माझ्या कामाला—”

“असेल बाई. नाचता येईना, अंगण वाकडं.” मग शेजारणीला, पण सूनबाईला ऐकू जाईल अशा बेताने, “एकेकाचा हातच तसा असतो.”

तिने धाकट्याला फोन लावला. उंटावरून शेळ्या हाकायला त्याला फार आवडे. “वहिनी, तुम्ही एकदम फार गोष्टी उघडता. जरा बेताने वापरा.” ती बेताने वापरू लागली. चित्रं लहान करून, तुकड्या-तुकड्यांनी काढू लागली. सासूबाई खोलीबाहेर गेल्या की अभ्रा उचलायची, मला वारा लागू द्यायची. त्या घरात माझ्याकडे पाहणारी ती एकटीच होती आणि तिचंच नाव मी खराब करत होतो. सांगणार कसं? आम्हाला आवाज असतो तो फक्त पंख्याचा, आणि त्याला लोक कुरकुर म्हणतात.

तेवढ्यात तिला एक मोठं काम मिळालं. एका वास्तुविशारद बाईंना शाळेच्या नव्या वाचनालयाची चित्रं हवी होती. “हे वेळेवर दिलंस तर पुढची सगळी कामं तुझीच,” बाई म्हणाल्या होत्या. सूनबाई त्या दिवसांत स्वतःशीच गुणगुणायची. तिने पुन्हा एकदा सासऱ्यांना विचारलं, “बाबा, एवढा सप्लाय बदलू का? पैसे मी देते.”

“पैशाचा प्रश्न नाही. धाकटा येईल सुटीला, त्याला बघू दे एकदा.”

आणि तिने ऐकलं. तिने ऐकायला नको होतं, असं मला आजही वाटतं.

चित्रं द्यायच्या दिवशी सकाळी शेवटचं आणि सगळ्यांत मोठं चित्र राहिलं होतं. मुलांच्या वाचायच्या खोलीत ऊन पसरलेलं. तिने कळ दाबली. कार्ड उठलं, त्याने मागितलं. मी होतं नव्हतं ते दिलं. मिटून घ्यायचा प्रयत्न केला, पण आता तेवढंही त्राण नव्हतं. जोडवायर वितळली. माझ्या पोटात एक टोपण फुटलं, फट्! जाताना मी कार्डाला आणि बोर्डालाही घेऊन गेलो. खोलीत धूर झाला. सासूबाई धावत आल्या आणि त्यांनी आधी अभ्रा वाचवला.

काम डिस्कवर शाबूत होतं, पण डिस्क काढून दुसऱ्या यंत्रात बसवेपर्यंत बाईंची वेळ टळली. “काम सुंदर होतं गं तुझं,” त्या फोनवर म्हणाल्या, “पण मला शाळेत रिकाम्या हाताने उभं राहावं लागलं. पुढचं मी दुसऱ्यांना दिलंय.” ती नुसतं “हो” म्हणाली.

दुपारी तिने स्वतः स्क्रू काढले आणि मला जेवणाच्या टेबलावर जुन्या कागदावर ठेवलं. कोळसा झालेली जोडवायर शेजारी मांडली. धाकट्याला फोनवर ते दृश्य दाखवलं.

त्याने वायर जवळून दाखवायला सांगितली. मग म्हणाला, “बघा, मी म्हणालोच होतो, सप्लाय जुना झालाय.”

सासरे चष्मा पुसत बसले. तिच्या नवऱ्याने वर्तमानपत्र उघडलं. शेवटी सासूबाई म्हणाल्या, “मग आधीच ठासून सांगायचं नाही का गं?”

मित्रांनो, मी पुष्कळ उष्णता सोसली आहे. पण त्या एका वाक्याचा चटका वेगळा होता. तिने टेबल पुसलं, मला पिशवीत घातलं आणि स्वतः भंगारवाल्याकडे नेऊन दिलं.

कधीमधी रद्दी घालायला त्या घरातलं कुणीतरी येतं, त्यांच्या बोलण्यातून कळतं. सूनबाई आता एका कार्यालयात नोकरी करते. सांगितलेल्या रेघा ओढते. स्वतःचं काम तिने पुन्हा काढलं नाही. घरात मात्र साडेसहाशे वॅटचा नवाकोरा सप्लाय आला आहे. धाकट्याने निवडून दिला. त्याच्यावर सासूबाई गाणी ऐकतात.

तुम्ही कधी कॉम्प्युटरमध्ये नवं कार्ड घालाल, तेव्हा आधी माझ्या जातीच्या डब्याकडे जा. पाठीवरचा मोठा आकडा वाचा, मग बारीकही वाचा. सगळ्यांच्या भुकेची बेरीज करा आणि वर थोडं शिल्लक ठेवा. जड कार्डाची वायर सप्लायमधूनच निघालेली असू द्या, उसनी जोडलेली नको. आणि त्याचं वय विचारा. एवढं केलंत तर माझ्यासारखे डबे सुखाने म्हातारे होतील.

पण माझी खरी विनवणी याहून साधी आहे. घरात कुणी एकदा, हळू आवाजात, “पुरणार नाही” असं म्हणालं, तर तेवढ्यावर थांबा. त्या माणसाला ओरडायला शिकवू नका.